डोळ्यात एक, जिभेवर एक

चहाच्या गोदामात सगळे तिला जीभबाई म्हणत, तेही तोंडावर. तिला राग येत नसे, कारण बोलून चालून तिचं पोट जिभेवरच चालत होतं. रोज सकाळी लांब टेबलावर पांढऱ्या वाट्यांची रांग लागे, प्रत्येकीत वेगळ्या मळ्याचा कोरा चहा. ती चमचाभर फुर्रकन ओढायची, तोंडात घोळवायची, थुंकायची आणि सांगायची, हा ठेवा, तो परत पाठवा. तिच्या एका शब्दावर पोतीच्या पोती हलत.

डोळ्यातला दाब वाढला म्हणून डॉक्टरीणबाईंनी सकाळ-संध्याकाळ थेंब टाकायला सांगितले. बाटली जवळ आली की हिची पापणी मिटलीच. शेवटी ते काम निवृत्त नवऱ्याने अंगावर घेतलं. जन्मभर शाळेत हस्तकला शिकवलेला माणूस, हात स्थिर, पण मन भित्रं. थेंब बाहेर गेला असला तर? म्हणून वर आणखी एक. कधी कधी त्याच्यावरही एक. बायकोच्या डोळ्यांच्या बाबतीत कंजुषी कशाला, असा त्याचा विचार. मग ती तशीच ओल्या डोळ्यांनी कामावर जायची.

आणि चहा कडू लागायला लागला. आधी तिने पाण्याला दोष दिला, मग किटल्या घासून घेतल्या. एका जुन्या व्यापाऱ्याचा माल तिने परत पाठवला, तेव्हा तो स्वतः आला. भांडला नाही. "ताई, माल तोच आहे," एवढंच म्हणून गेला. ते तिला फार लागलं. दुपारनंतर तोंड बरं असे, पण दुपारी चहा चाखतो कोण? तिने मनाशी ठरवून टाकलं की जीभ म्हातारी झाली. मालकाला सांगितलं, महिनाअखेर मी काम सोडते, दुसरं कुणी बघा.

त्याच आठवड्यात डोळे दाखवायचे होते. नवरा म्हणाला, कडूचंही विचारू. डोळ्यांच्या डॉक्टरला जिभेचं काय विचारायचं, असं म्हणून तिने त्याला गप्प केलं. तरी तपासणी संपल्यावर, दारातून मागे वळून, त्याने भीत भीत विचारलंच.

डॉक्टरीणबाईंनी थेंब कसे टाकता ते विचारलं. त्याने अभिमानाने करून दाखवलं. त्या हसल्या. डोळ्याच्या कोपऱ्यातून नाकात वाट आहे, तिथून औषध घशात उतरतं, म्हणाल्या. हे औषध काहींना कडू लागतं, आणि डोळ्यात मावतो एकच थेंब, बाकीचा सगळा खालीच जातो. एक थेंब टाकायचा, डोळा मिटायचा आणि नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटाने हलकेच दाबून धरायचा.

"मग औषध बंद करू का?" जीभबाईने विचारलं.

"मुळीच नाही. जीभ वाचवायला जाल आणि नजर घालवून बसाल. इतकं करूनही कडू लागलं तर मला सांगा, औषध बदलू."

बाहेरच्या बाकावर बसून ती इतकी हसली की डोळ्यातून पाणी आलं. जीभ शाबूत होती! नवरा मात्र हसला नाही. त्याचा चेहरा पार उतरला होता. त्या संध्याकाळी त्याने बाटलीला हात लावला नाही. तिनेच आरशासमोर झटापट केली. चार थेंब गालावर गेले तेव्हा कुठे एक डोळ्यात पडला. सकाळीही तीच गत.

पण टेबलावरच्या तिसऱ्याच वाटीत तिच्या जिभेला मालात मुरलेला धुराचा वास सापडला आणि तिचा जीव भांड्यात पडला. परत पाठवलेल्या मालाचा नमुना मागवून तिने चाखला. उत्तम होता. चूक माझी, असं तिने व्यापाऱ्याला फोन करून कळवलं. मी काम सोडत नाही, हे मालकाला सांगितलं तेव्हा तो खुर्चीत मागे रेलला आणि म्हणाला की त्याने दुसरं कुणी शोधलंच नव्हतं.

घरी येऊन तिने नवऱ्याच्या हातात बाटली दिली आणि कॉटवर आडवी झाली.

"अहो, टाका."

"नको. मीच तुझी जीभ मारत होतो."

"माझ्या हातून सगळं गालावर जातंय. नजर गेली तर तुम्हाला चालेल?"

त्याने एकच थेंब टाकला. दोन्ही डोळ्यांत, एकेकच. मग नाकाच्या दोन्ही बाजूंना बोटं ठेवून तो दाबून बसला. दोन मिनिटं होऊन गेली, तरी त्याने बोटं उचलली नाहीत आणि तिनेही उचला म्हटलं नाही.