मोटर हवा कुठून ओढतेय

माझी ताई त्या दुपारी कशावर उभी होती, हे मला अजून रोज आठवतं.

महाळुंगे पडवळला दाजींनी, म्हणजे ताईच्या नवऱ्यानं, शेतात पर्यटन केंद्र काढलं. दोन खोल्या, चुलीवरचं जेवण आणि पोहायचा तलाव. कांदा पिकवणाऱ्या माणसाला हे कुणी सुचवलं, देव जाणे. मी विहिरीच्या मोटरी दुरुस्त करणारा, म्हणून तलावाचा पंप बिघडल्यावर बोलावणं मलाच. दुसऱ्या दिवशी पुण्याहून शाळेची पोरं येणार होती.

पंप पाणी धरत नव्हता. चालू केला की काचेच्या झाकणाखाली बुडबुडे, मग नुसती घरघर. म्हणजे ओढीच्या पाईपात कुठंतरी हवा शिरत होती. मी पंपाच्या खड्ड्यात उतरून झाकणाचं रबर बदललं, आतली जाळी धुतली. तिच्यात लाल माती साचलेली. मग देवघरातली उदबत्ती मागवली. हवा शिरते तिथं धूर वळतो. सांध्यासांध्यापाशी धरली, तर धूर सरळ वर. एकही सांधा गळका नाही, आणि हवा तर येतच होती. माझं टाळकं सरकलं. त्यात ताई वर फरशीवर उभी राहून, चहा गार होतोय म्हणून कटकट करत होती.

तेव्हा लक्षात आलं, पंपाला ओढीचे पाईप तीन होते, पण तलावाकडून दोनच येत होते. तिसरा तिरका खाली, ताईच्या पायांखाली उतरला होता.

पंप बंद करून मी तो सोडवला. तोंडावर गार हवा आली, ओल्या कपारीच्या वासाची. उदबत्ती जवळ नेली. धूर आत गेला, थांबला, परत बाहेर आला. खड्ड्याच्या काठावरून दाजी वाकून बघत होते.

"दाजी, हा कसला पाईप?"

"जुन्या विहिरीचा. बुजवताना श्वासाला ठेवला व्हता. पूलवाल्यानं तलावाचाच समजून जोडला आसंल."

आमच्याकडं विहीर कोंडून मारत नाहीत. बुजवली तरी एक पाईप उघडा ठेवतात. ते मला ठाऊक होतं.

"पुरती बुजवली का?"

"टिपरनं मुरूम टाकला की. लई टाकला. वरपर्यंत आला व्हता."

मी एक नट पाईपात सोडला. तो खडखडत गेला, मग काहीच नाही, आणि मग खोल कुठंतरी डुबुक. ताईच्या फरशीखालचा मुरूम विहिरीत मध्येच अडकून बसला होता. खाली सगळी पोकळी, आणि पंप वरच्या थरातली माती पाईपाच्या फटींतून रोज थोडी थोडी ओढून घेत होता.

"ताई," मी हळूच म्हणालो, "पळू नको. पाय न आपटता मागं बांधाकडं जा."

जन्मात पहिल्यांदा तिनं 'का' विचारलं नाही. ती बांधावर पोचली आणि पाईपातून माती सांडल्याचा आवाज आला, कितीतरी वेळ.

ताईच्या हातात कप तसाच होता. ती फरशीकडं बघत म्हणाली, "उद्या पोरांची पंगत मी हितंच बसवणार व्हते."