बिनपॉलिशचा ओटा

आमच्या आर्णीत कुणी नवीन घर बांधलं की पाहुण्याला पाणी द्यायच्या आधी स्वयंपाकघरातला ओटा दाखवतात. देवघर नंतर, घरातली म्हातारी माणसं त्याच्याही नंतर. ओटा काळ्या ग्रॅनाइटचा, आणि चमक अशी की त्यात वरचा पंखा फिरताना दिसावा. घरधनी त्यावरून तळहात फिरवतो आणि पाहुण्याच्या तोंडाकडे बघत उभा राहतो. मी पाणी मागते.

या ओट्यावर कुणी स्वयंपाक करत नाही, ही त्यातली खरी मजा. डाग पडेल, ओरखडा उठेल म्हणून भाजी-भाकरी मागच्या सांधवाडीत, म्हणजे घर आणि कुंपणाच्या मधल्या बोळात, खाली ठेवलेल्या जुन्या शेगडीवर होते. पुढे ओट्यावर प्लास्टिकची फुलं आणि कापड घातलेला मिक्सर. बडा घर पोकळ वासा म्हणतात, ते यांनाच बघून सुचलं असावं. माझ्या धाकट्या भावाचं घरही असंच. ओटा बसला तेव्हा त्यानं अर्धं गाव बोलावून दाखवला होता.

आई त्याच्याकडे राहायची. तिच्या गुडघ्यांना खाली बसणं जमत नाही, म्हणून मागचा स्वयंपाक भावजयीकडे गेला आणि आईच्या वाट्याला पुढच्या ओट्यावरचा चहा आला. तिनं एकदा कप काठाच्या बाहेर ठेवला, तो फुटला. एकदा गरम पातेल्याला हात लागला. मग भावजयीनं तिला खिडकीजवळ प्लास्टिकची खुर्ची दिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगू लागली, "आता आईच्यानं होत नाही." जिनं आयुष्यभर घराला रांधून घातलं ती बाई खुर्चीत बसून टीव्ही बघायला लागली, आणि सगळ्यांनी म्हातारपण म्हणून मान डोलावली.

मी तिला एकदा ओट्यापाशी नीट पाहिलं. वर ट्यूबलाइट, खाली काळा आरसा. ती डोळे बारीक करून हातानं चाचपत होती. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, पण तेव्हापासून चमक सहन होत नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "उजेड वरून येते अन् खालूनही येते. काया दगडावर काया बुडाचं पातेलं मले दिसत नाही. त्याले सांगू नको पण. हौसेनं बसवला त्यानं."

मला संताप आला, पण तिच्या शब्दाखातर गप्प बसले. मी शाळेत शिकवते, एकटी राहते. तेव्हा माझं घर बांधायला काढलंच होतं. मी आईला म्हटलं, माझ्याकडे चल. ती म्हणाली, "येईन. पण आयतं बसून खायले येणार नाही. माह्या हातानं करता आलं तर राहीन, नाही तर तिकडची खुर्ची काय वाईट हाय?" ओट्याचा दगड निवडताना मला एवढंच बघायचं होतं.

दगड आणायला आम्ही दोघी पांढरकवड्याला गेलो. हायवेला लागून एक मोठं आवार आहे, तेलंगणातून आलेले दगड तिथे ओळीनं उभे असतात. मी डब्यात लिंबू, हळद आणि तेल नेलं होतं. आईनं पिशवीत तवा घेतला होता. दुकानदारानं आमचं सामान बघितलं आणि आम्ही डबा खायला बसणार आहोत असं समजून नळ दाखवला.

"चमकणारा नको, घासलेला, मॅट पाहिजे," मी म्हटलं.

"मॅडम, तो कच्चा माल हाय. लोकं पायऱ्याले लावतात. पॉलिश मारून देतो ना, तोंड पाहून घ्या त्याच्यात."

तोंड बघायला घरात आरसा आहे, हे त्याला सांगून उपयोग नव्हता. मी तुकड्यांवर लिंबू पिळलं. संगमरवर दिसायला देखणा, पण लिंबानं थोड्याच वेळात पांढुरका चट्टा उठला. कडप्प्याचंही तेच. फिक्या करड्या ग्रॅनाइटला लिंबानं काही झालं नाही, हळद मात्र धरली. दगडाची छिद्रं बुजवणारा सीलर मारला तर तीही धरणार नाही, हे त्यानं दहादा विचारल्यावर सांगितलं, तेही माझ्यावर उपकार केल्यासारखं. आईची परीक्षा वेगळी होती. ती प्रत्येक दगडावर तवा ठेवी, मागे सरके आणि बघे. करड्या दगडापाशी ती थांबली. म्हणाली, "हा घे. तवा तव्यावानी दिसते."

ओटा बसला, सीलरचे दोन हात झाले. अशा दगडाला चमकणाऱ्यापेक्षा जास्त जपावं लागतं, हेही खरं. तेलकट बोट लागलं की ठसा दिसतो, तो लगेच कोमट पाण्यात साबणाचा थेंब टाकून पुसायचा. फरशीचं ॲसिड जवळ आणायचं नाही. मधूनमधून पाण्याचा थेंब टाकून बघायचा, दगडानं पाणी पिऊन काळा डाग दाखवला की पुन्हा सीलर मारायचा. आई हे सगळं चार दिवसांत शिकली. चहा, फोडणी, ज्वारीची भाकरी, सगळं तिनं आपल्या हातानं केलं आणि मला ओट्याजवळ उभं राहू दिलं नाही.

भाऊ बघायला आला. बोटानं दगड टोकरून म्हणाला, "ताई, पैसे कमी पडले काय? मले सांगायचं होतं." भावजय म्हणाली, "धुतला की हा धुरकटपणा निघत असन." मी त्यांना भाकरी वाढली. ज्यांना स्वतःच्या ओट्यावर भाकरी करायची हिंमत नाही, त्यांच्याशी मी दगडावर वाद घालत नाही.

ते माझं चुकलं. वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी मी सामानासाठी यवतमाळला गेले. परत आले तर ओटा लखलखत होता. भावानं मशीनवाला पाठवून पॉलिश करून घेतलं होतं, बहिणीला भेट म्हणून. आई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली होती.

"तू होतीस ना घरी? थांबवलं काहून नाही?"

"पाहुणे येतील म्हणे, ताईची बेइज्जती होईन म्हणे. काय बोलू?" असं म्हणून ती आपल्या लुगड्यांच्या घड्या करू लागली. पिशवी शेजारीच ठेवलेली होती.

पूजेला जो आला त्यानं ओट्याची तारीफ केली. आधीचा ओटा बघून नाक मुरडणारे शेजारीही आज तळहात फिरवून गेले. मला त्या प्रत्येक हाताची किळस आली. संध्याकाळी घरचेच उरलो, तेव्हा भाऊ ओट्याला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "आई, आज तुह्या हातचा चहा पाज. ओट्याचं उद्घाटन होऊन जाईन."

आई उठली. चहा केला, गाळणी धरली आणि ओतला. निम्मा कपात गेला, निम्मा कपाच्या शेजारी. कढत चहा ओट्यावरून तिच्या पावलांवर सांडला. ती जागची हलली नाही, चहा अजून कुठे आहे ते तिला दिसत नव्हतं.

"आई, दिसत नाही काय तुले?" भाऊ घाबरून म्हणाला.

"दिसते. पण दोन कप दिसते. एक वर, एक दगडात. हात लावल्याबिगर खरा कोणता ते कयत नाही."

"तिकडं घरीही असंच होतं?"

"हो."

"मंग सांगतलं काहून नाही?"

"तू लोकायले बोलावून दाखवून राह्यला होता. त्यात मी कायले मधात येऊ?"

भाऊ खाली बसला आणि त्यानं तिचे पाय आपल्या रुमालानं पुसले. रडलाही. दुसऱ्या दिवशी तोच मशीनवाला आणून त्यानं माझ्या ओट्याची सगळी चमक घासून काढायला लावली, पुन्हा सीलर मारून घेतला आणि धूळ स्वतः पुसली. मी त्याला म्हटलं, आता तुझ्याही घरचा घासून घे, आई तिकडेही येऊन राहील. त्यानं माझ्या ओट्यावरून एकदा तळहात फिरवला. मग म्हणाला, "घरी विचारून सांगतो."

आई माझ्याकडेच आहे. तो दर रविवारी येतो, तिच्या हातची भाकरी खातो आणि तिला घरी चल असं कधी म्हणत नाही.