कावळ्याआधी सुई

सुमन, अशी जवळ बस, आणि आधी माझी बोलणी खा. पालीच्या दवाखान्यात सविता नर्स म्हणून आली आणि तू तिच्या हातून इन्सुलिन घ्यायला नको म्हणालीस? ती पोर माझ्या नवऱ्याच्या जिवावर उठली होती म्हणे. तुला हे सांगितलं कुणी? मीच ना. आता खरं ऐक. हे मी कुणालाच, अगदी ह्यांनाही, कधी सांगितलं नाही.

सविता माझ्या धाकट्या दिरांची लेक. गुहागरहून नर्सिंग शिकायला आमच्याकडे राहिली. इन्सुलिनचे प्रकार तिच्या डोक्यात राहीनात, म्हणून माझ्याशेजारी नारळ खवताना घोकायची — पाण्यासारखं निवळ ते घाईचं, पेजेसारखं गढूळ ते सबुरीचं. घाईचं टोचायचं ते ताट समोर आल्यावर, नाहीतर साखर एकदम उतरते. मी चौथी शिकलेली, पण ऐकून ऐकून मलाही पाठ झालं. ह्यांना सुई मीच द्यायची. म्हणजे — माहीत नव्हतं, असं नाही.

सासऱ्यांचं श्राद्ध होतं. पोर कॉलेजला निघताना उंबऱ्यात थांबून म्हणाली, "काकी, आज कावळ्याआधी सुई नको हं."

मी हसले. कालची पोर मला शिकवणार? स्वयंपाक झाला, मागच्या आगरात कावळ्यासाठी पान ठेवलं, आणि मी ह्यांना घाईचं टोचून मोकळी झाले. कावळा येईना. तो शिवल्याशिवाय हे जेवायचे नाहीत, तुला ठाऊकच. तासभर गेला. ह्यांना घाम फुटला, बोलणं अडखळलं, मग मान कलली.

इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं, इतक्या आधी द्यायला कुणी सांगितलं? आणि मी — मी म्हटलं, "पुतणीनं. नर्सिंग शिकते ती."

सविता दारातच उभी होती, कॉलेजच्या कपड्यांत. माझ्याकडे पाहिलं. ह्यांच्या पायांवर चादर तेवढी ओढली.

आठवड्याभरात ती हॉस्टेलवर गेली. हे पुढे चार वर्षांनी गेले, दुसऱ्याच दुखण्यानं. तोवर ह्यांनी तिच्या हातून साधी गोळी घेतली नाही. भावकीत तिला 'अर्धी नर्स' म्हणायचे, आणि मी? मी खाली मान घालून भाजी निवडत बसायची.

का बोलले तसं? ते सांगत नाही. सांगितलं तर तुला पटेल, आणि तू म्हणशील, जाऊ दे. दमले गो मी त्या 'जाऊ दे'ला.

आता पुन्हा येशील तेव्हा जेवायलाच ये. तुझं घाईचं औषध सोबत आण. ताट आधी वाढीन.