मॉरिशसमध्ये बायकोची झोप

बायकोची एकच अट होती: सात दिवस तिला कोणी काही विचारायचं नाही. ती लंडनमध्ये हॅरोजवळच्या एका हॉस्पिटलात संधिवाताची डॉक्टर आहे. हिवाळाभर तिच्या विभागातल्या जागा रिकाम्या होत्या आणि त्यांचं काम तिच्याकडे होतं. एप्रिलमधल्या एका रविवारी दुपारी ती स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर, हातात अर्धा सोललेला बटाटा धरून झोपली. त्याच आठवड्यात मी मॉरिशसचं पॅकेज शोधलं. मेच्या हाफ-टर्मला, म्हणजे मुलाच्या शाळेच्या आठवड्याच्या सुट्टीत, तिकडे थंडी सुरू होते आणि हॉटेलांचे दर उतरतात. समुद्रालगतचं अपार्टमेंट, सकाळी योगासनं, रोज एक मसाज. वाटेत विमान बदलायची तयारी असेल तर आम्हा दोघांना, मुलाला आणि माझ्या आईला परवडेल असं होतं.

चूक माझी. मी ते पॅकेज आमच्या भागातल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं. स्वस्तात चांगलं काही सापडलं की ग्रुपवर टाकायचं, ही आमच्याकडची रीत. शेजारच्या पिनरमधल्या अनेक मराठी घरांतले बॉयलर एकाच माणसाने बसवलेत ते त्यामुळेच. तीन दिवसांत आणखी चार कुटुंबांनी तेच हॉटेल आणि तोच आठवडा बुक केला. ‘डॉक्टर बरोबर आहेत म्हटल्यावर काळजीच नाही,’ एका वहिनींनी लिहिलं. बायकोने तो मेसेज वाचला आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

पहिल्या सकाळी ती पुस्तक घेऊन स्विमिंग पूलवर गेली. दहा मिनिटांत पिनरचे एक काका आले.

“डॉक्टरीणबाई, सुट्टीवर आहात, त्रास देत नाही. फक्त गुडघा.”

त्यांच्यामागे त्या मेसेजवाल्या वहिनी उभ्या होत्या. त्यांच्या फोनवर रक्ताचा रिपोर्ट उघडलेला होता. जेवणापर्यंत सहा जण झाले. मसाजची वेळ टळली.

“क्लिनिकमध्ये निदान पुढचा पेशंट असतो म्हणून आधीचा उठतो,” बायको संध्याकाळी म्हणाली. “इथे कोणी उठतच नाही.”

हे माझ्या आईने ऐकलं. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे आणि निवृत्त होईपर्यंत एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात, रिसेप्शनवर होती. दुसऱ्या दिवशी तिने प्लॅस्टिकची खुर्ची आमच्या दाराबाहेर मांडली आणि विणकाम घेऊन बसली. साडेआठला काका आले.

“वहिनी, सूनबाई आहेत का?”

“कशाबद्दल आहे?”

“अहो, तेच. गुडघा.”

“किती दिवस दुखतोय?”

“नऊ वर्षं.”

“मग आठवडाभर काही होत नाही. घरी गेलात की तुमच्या जीपीला फोन करा. सकाळी आठला, नंबर तेव्हाच लागतात.”

“आठला कोणी फोन उचलत नाही.”

“माहीत आहे,” आई म्हणाली. “मीच उचलत नव्हते.”

त्या दिवशी बायको अकरापर्यंत झोपली. दुसऱ्या दिवशीही. मग मसाजला गेली, मुलाबरोबर पोहली, पुस्तकाची साठ पानं वाचली. दाराशी आलेल्यांना आई पाणी द्यायची, सगळं ऐकून घ्यायची आणि परत पाठवायची. दोघीजणी नुसत्या तिच्याशी बोलूनच बऱ्या झाल्या.

पाचव्या सकाळी काका पुन्हा आले. आज पोटरी दुखत होती.

“एकच की दोन्ही?” आईने विचारलं.

“डावी. सुजलीय जरा. विमानातून उतरल्यापासूनच.”

आईने सुया बाजूला ठेवल्या, आत गेली आणि सुनेला उठवलं. बायको अनवाणीच बाहेर आली. तिने दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या, शिरेत गुठळी नाही ना याची खात्री आजच करून घ्यायला हवी असं सांगितलं आणि मला टॅक्सी बोलवायला लावली. मी काकांना हॉस्पिटलात नेलं. स्कॅनमध्ये काही निघालं नाही; नुसता स्नायू दुखावला होता.

“उगाच उठवलं तुला,” फोनवर हे कळल्यावर आई म्हणाली.

“नाही आई. आज त्यांना तुम्ही दारातूनच परत पाठवलं असतंत तर मात्र मला पुढे झोप आली नसती,” बायको म्हणाली आणि आत जाऊन पुन्हा आडवी झाली.

दुपारी काका अननस घेऊन आभार मानायला आले. आईने ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी अननस तिच्या खुर्चीशेजारी ठेवला, चपला काढून हातात घेतल्या आणि फरशीवरून आवाज न करता परत गेले.