मामांचा अडलेला बोल्ट

निर्जीव वस्तू मुद्दाम आपला अपमान करतात, असं मनापासून मानणारा माणूस मी जन्मात एकच पाहिला. ते म्हणजे माझे भिंगारचे मामा. त्यांच्या छत्रीची काडी कधी नुसती मोडली नाही. ती 'ऐन बाजारात, चारचौघांसमोर' मोडली. भिंतीवरचं घड्याळ पाहुण्यांच्या देखत बंद पडलं, तेव्हा मामांनी ते उलटं करून टांगलं. "बसू दे तोंड फिरवून," म्हणाले, "लाज वाटली की चालेल." स्टोव्ह भडकला तर मामा त्याच्यापेक्षा जास्त भडकत. लष्करी गोदामात सगळी नोकरी झाल्यामुळे प्रत्येक वस्तूनं हुकूम पाळायचा असतो, अशी त्यांची समजूत होती. माणसांनी तो मोडला तर त्यांना एवढं वाटत नसे.

युद्धाच्या आधी मायदेशी परतणाऱ्या एका गोऱ्या साहेबाकडून त्यांनी कापडी टपाची जुनी मोटार घेतली, तेव्हा तर अपमान करणाऱ्यांची पलटणच दारात येऊन उभी राहिली. मोटारीची बॉडी खालच्या लोखंडी सांगाड्यावर जिथे टेकते, तिथे मध्ये रबराच्या जाड चकत्या असतात. युद्धाच्या काळात रबर मिळेना आणि या चकत्यांचा भुगा झाला. लोखंडावर लोखंड आपटू लागलं. गाडी नगरहून निघाली की भिंगारात मामी चहाचं आधण ठेवीत, इतका तिचा आवाज.

पण मामींचं कंबरेचं दुखणं जुनं. एक खड्डा लागला की त्या ओठ दाबून गप्प बसत आणि पुढे आठवडाभर अंथरुणाला खिळत. सर्व्हिस मोटारीचं, म्हणजे तेव्हाच्या भाड्याच्या बसचं, तर नावच नको. राहात्याला त्यांची थोरली बहीण, आक्का, आजारी होती, आणि "धाकटीला एकदा दाखवा" असा निरोप पुन्हा पुन्हा येत होता.

मामांनी चांभाराकडून लॉरीच्या जुन्या टायरच्या चकत्या कापून आणल्या आणि बॉडी उचलण्यासाठी बोल्ट सोडवायला घेतले. सुट्टीवर आलेल्या भाच्याला, म्हणजे मला, गाडीखाली घातलं. बाकीचे बोल्ट शिव्या खाऊन सुटले. मागच्या कोपऱ्यातला एक मात्र हलेना. त्याला चिंचेचं पाणी चोळलं. रॉकेल पाजलं. तेव्हा रॉकेल कंट्रोलचं. घरात कंदिलाला नव्हतं, पण बोल्टाला होतं. मामा वर गाडीत बसून बोल्टाचं डोकं पान्यात धरीत, मी खालून नट फिरवायचा, आणि हुकूम वरून यायचे.

"सोड!" मामा ओरडले.

मी पाना सोडला. तो माझ्या नाकावर पडला.

"अरे, सोड म्हणजे सैल कर! हातातलं टाकून दे असं कोण म्हणालं?"

"मग सैल कर म्हणा ना, मामा."

"सैल कर म्हणायला ती काय परकराची नाडी आहे?"

"अहो, शेजारी ऐकतायत," ओसरीवरून मामी म्हणाल्या.

"ऐकू देत! या बोल्टाला लाज नाही, मी कशाला धरू?"

एवढ्यात स्वागत समितीचे चिटणीस आले. स्वातंत्र्य नवं होतं आणि जिकडेतिकडे स्वागत समित्या उगवत होत्या. फक्त स्वागत करण्याजोगी माणसं कमी पडत. कोणी पुढारी यायचे होते, त्यांची मिरवणूक उघड्या मोटारीतून काढायची होती, आणि तशी मोटार भिंगारात हीच एक. बोल्ट अडल्याचं आधीच कळल्यामुळे चिटणीसांनी सोबत लोहारही आणला होता.

"सायेब, लई गंजलंय हे," लोहार वाकून म्हणाला. "छन्नी लावतो. दोन घावांत मोकळं व्हतंय."

"आणि रबर बसवू कशावर? असा दुसरा बोल्ट आता मिळायचा नाही."

"तो कोपरा तारेनं बांधू," चिटणीस म्हणाले. "मिरवणूक काय, पायी चालीनंच जाणार."

"आणि हिला राहात्याला तारेनं बांधून नेऊ?"

"बायकांचं माहेर काय, आज नाही तर उद्या. हे राष्ट्रकार्य आहे."

हे वाक्य मी गाडीखालून ऐकलं, आणि इतक्या वर्षांनी लिहितानाही माझ्या अंगाचा तिळपापड होतो. ज्या आक्काचे 'उद्या' किती उरलेत हे वैद्यालाही सांगता येत नव्हतं, तिचा उद्या हा गृहस्थ परस्पर देऊन मोकळा झाला होता.

"हार घालून घ्यायला चाकं कशाला लागतात?" मामा कडाडले. "चालवा त्यांना! आजवर सगळे चाललेच की!"

"हे बोलणं तुम्हाला महाग पडेल."

"महाग? अरे, बाहेर ये आणि आधी याचा गळा आवळ!"

रागानं मामांचा आवाज इतका फाटला होता की मला फक्त शेवटचा शब्द कळला. नाकाचा अनुभव ताजा होता. हुकमाचा अर्थ विचारायची माझी छाती नव्हती. मी होता नव्हता तो जोर लावून नट आवळला. कट्ट असा आवाज झाला, गंजाची पूड डोळ्यांत आली, आणि नट हलला. जरा आवळला, मागे घेतला. पुन्हा आवळला, पुन्हा मागे घेतला. आणि तो मुकाट्यानं उतरू लागला.

"मामा, सुटला!"

"कोण, चिटणीस?"

तेही फाटकातून सुटले होते. पुढाऱ्यांची मिरवणूक शेवटी बैलगाडीतून निघाली, आणि समितीनं तिला साध्या राहणीचा आदर्श म्हटलं. मामा मात्र पुढे जन्मभर सांगत राहिले, "गंजलेला बोल्ट आधी आवळायचा असतो, हे मला ठाऊकच होतं. म्हणून तर हुकूम दिला."

रबरं बसली आणि आम्ही राहात्याला गेलो. दोघी बहिणी भेटल्या. ती भेट शेवटची ठरली. पण त्या दिवसातला मला आठवतो तो रस्ताच. विळद घाट उतरेपर्यंत मामा दर खड्ड्यानंतर गाडी थांबवीत आणि आरोप ठेवल्यासारखं विचारीत, "दुखलं?"

"नाही हो."

"खोटं बोलू नकोस."

"खरंच नाही. चालवा तुम्ही."

राहुरी मागे पडली आणि मामी आपणहून बोलू लागल्या. आक्का पेरूच्या झाडावर कशी सरसर चढायची, खाली आपण ओच्यात पेरू कसे झेलायचो, वडील आले की ती वरच कशी दडून बसायची. इतक्या वर्षांत त्या मोटारीत मामींचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होतो. पूर्वीच्या खडखडाटात बोलणार कोण? मामांनी वेग कमी केला, आणखी कमी केला. मागून आलेला एक सायकलवाला घंटी वाजवत आम्हाला मागे टाकून गेला आणि वळून हसला. मामा त्याला काही बोलले नाहीत.