रुखमाची मूठभर डाळ

आमच्या संगतीत, म्हणजे बायकांच्या प्रार्थनेच्या बैठकीत, एक पत्र्याचा डबा आहे. घरी तांदूळ शिजायला टाकायच्या आधी प्रत्येकीनं एक मूठ देवाच्या नावानं बाजूला काढायची आणि शुक्रवारी आणून त्या डब्यात टाकायची. एका मुठीनं डब्याचं बूडही झाकत नाही. पण महिना सरता सरता झाकण लागत नाही! मग ज्या घरची चूल थंड, त्या घरी डबा जातो.

किश्शांचंही तसंच. एक-एक ऐकला तेव्हा मूठभर वाटला. आता झाकण लागत नाही, म्हणून सांगायला बसले.

माझी शाळा झाली नाही. मी सांगते, सून लिहिते. ती पुसदच्या कॉलेजात शिकलेली, त्यामुळे माझं बोलणं जरा धुऊन-वाळवून लिहिते. पण तिला बजावलंय, "बायका जशा बोलल्या तशाच लिही, नाही तर तुझ्या हातचा चहा घेणार नाही!"

महागावच्या रस्त्याला लागून, सोयाबीनच्या वावराच्या कडेला आमचं टिनाचं प्रार्थनाघर. रविवारी पुसदहून पास्टर येतात, शुभवर्तमानातलं वाचून सांगतात. शुक्रवारी दुपारी आम्ही नऊ बायकाच बसतो. नियम एकच. पास्टरनं काय सांगितलं ते पुन्हा उगाळायचं नाही. फक्त विचारायचं, "केलं का?" जिनं केलं तिनं बोलावं. नाही केलं तिनं गाणं म्हणावं.

आमच्यात गाणी लई झाली!

*

एका रविवारी पास्टरनं सांगितलं, कोणी एका गालावर मारलं तर दुसरा पुढे करा.

शुक्रवारी "केलं का?" विचारलं, तर सुशीला उभी राहिली. तिचा नवरा हात उचलणारा, हे सगळ्यांना माहीत. पदर बाजूला केला तर दोन्ही गाल सारखेच सुजलेले.

"दुसरा पुढे केला," ती म्हणाली. "त्यानं तोही घेतला."

कोणी 'आमेन' म्हणेना. गाणंही सुचेना.

माझ्या बाजूला रुखमा बसली होती. रुखमा म्हणजे माझी शेजारीण, भिंतीला भिंत. नवरा कधीचाच वारलेला, एकुलता एक मुलगा प्रकाश. बाई बोलायला फटकळ, पण खोटं तिच्या तोंडून कधी ऐकलं नाही. ती म्हणाली, "दोन गाल सरले ना तुहे? मंग तिसरा आमचा."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सात जणी सुशीलाच्या ओट्यावर जाऊन बसलो. नवरा दात घासत बाहेर आला. रुखमानं गाल पुढे केला. "घे भाऊ. हे संपले की मांगं अजून सहा जनी हायत."

तोंडातला फेस तसाच ठेवून तो आत पळाला!

त्यानंतर त्यानं कधी हात उचलला नाही, असं मी म्हणणार नाही. पण उचलायच्या आधी तो ओट्याकडे बघून घेतो, असं सुशीला सांगते.

*

एक माझाही सांगते. पास्टर म्हणाले, प्रार्थना लोकांना दाखवायला करू नका, आतल्या खोलीत जा, दार लावून घ्या.

आमचं घर एका खोलीचं. आतली खोली कुठून आणू? मागे कापूस ठेवायची कोठी होती. मी त्यात शिरले, दार ओढून घेतलं, डोळे मिटले. तेवढ्यात आमचे हे आले, दार नुसतंच लोटलेलं दिसलं, बाहेरून कडी घातली आणि गेले पुसदच्या बाजाराला!

दुपार कलली तेव्हा रस्त्यावरच्या गॅरेजवाल्या रशीदभाईंना माझा आवाज गेला. त्यांनी कडी काढली.

"काकू, अंदर काय करून राह्यले होते?"

"देवाशी बोलून राह्यली होती."

"तो दरवाजा भी उसीसे खुलवा लेते!"

शुक्रवारी मी हे सांगितलं तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं हसली ती रुखमा. तिचं तसं हसणं त्यानंतर ऐकलं नाही, म्हणून हा किस्सा मला लख्ख आठवतो.

*

संगतीतल्या मीराचा मुलगा संदीप ट्रॅक्टर चालवायचा. कापसाची ट्रॉली रिकामी करून येताना रुखमाचा प्रकाश त्याच्या बाजूला मडगार्डवर बसला होता. संदीप प्यालेला होता. कालव्याच्या वळणावर ट्रॅक्टर पलटी झाला. संदीपचा पाय मोडला. प्रकाश जागीच गेला.

मातीच्या वेळी मीरा हात जोडून आली. रुखमा तिच्याकडे न बघता म्हणाली, "तुह्या पोराचा पाय मोडला ना? जा, त्याच्यापाशी बस. मले बसाले कोनी नाही राह्यलं."

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्याकडे प्रभूभोजन असतं. भाकरीचा तुकडा आणि प्याल्यातला द्राक्षरसाचा घोट. त्याआधी पास्टर म्हणतात, "कोणाच्या मनात कोणाविषयी काही असेल तर आत्ताच उठा, जाऊन हात हातात घ्या." आमच्यातल्या बायका उठतात, चटईवरून इकडून तिकडे जातात. बहुतेक वेळा भांडण कोंबडीचं किंवा बांधावरच्या चाऱ्याचं असतं!

प्रकाश गेल्यानंतरच्या तशा पहिल्या रविवारी रुखमा उठली. सरळ मीराच्या दिशेनं निघाली. मीरानं दोन्ही हात पुढे केले.

रुखमा तिच्या बाजूनं निघून दारापर्यंत गेली आणि चपला घालायला लागली.

"रुखमाबाई, प्याला?" पास्टरनं विचारलं.

"मनात हाय माह्या. मनात ठेवून वरून घोट घेऊ? मानसाशी खोटं नाही बोलली कधी, त्याच्याशी बोलू?"

त्या दिवसापासून दर पहिल्या रविवारी तेच. यायची, बसायची, ऐकायची आणि प्याल्याच्या आधी उठून जायची. घरी आल्यावर मला म्हणायची, "सखू, प्याला घेतल्याबिगर मराचं नाही मले. पन खोटा घेनार नाही."

*

दीड वर्षानं पास्टर तिच्या घरी समजवायला गेले. मी होतेच. म्हणाले, "रुखमाबाई, शिष्यानं विचारलं होतं, किती वेळा क्षमा करू, सात वेळा? प्रभू म्हणाला, साताच्या सत्तर वेळा."

"म्हंजे किती?"

"चारशे नव्वद."

रुखमा चुलीपुढे बसून मिरच्यांची देठं तोडत होती. ती तोडणं काही थांबवलं नाही.

"रोज सकाळी उठली की माफ करून टाकते मी त्या पोराले. खरंच करते. दुपारी प्रकाशच्या जेवनाची वेळ झाली की सारं वापस येते. दुसऱ्या दिवशी पुन्हा माफ. दीड वर्स झालं पास्टर. तुमचे चारशे नव्वद सरले असतीन. आता काय करू?"

पास्टरनं पाण्याचा ग्लास खाली ठेवला. बाहेर जाऊन मोटारसायकलला किक मारली. ती सुरू होईना. चार-पाच किका मारल्या, मग हातानं ढकलत रस्त्यापर्यंत नेली. मागे वळून काही त्यांनी बघितलं नाही.

*

पुढे संदीपला शिक्षा झाली, तो आत गेला. मीराचा नवरा दम्याचा, घरात कमावणारं कोणी उरलं नाही. आमचा डबा मीराकडे जायचं ठरलं. कोणी रुखमाकडे बघेना. तीच म्हणाली, "द्या. उपाशी ठेवा असं मी कधी म्हनलं नाही."

पण पुढच्या शुक्रवारी तिनं मूठ आणली ती तांदळाची नाही, तुरीच्या डाळीची!

येताना मी विचारलं, "काहून वो, तांदूळ सरले?"

"नाही. तांदळात तांदूळ मिसयला की कोनाचा ते समजत नाही. डाळ समजते. तिले समजलं पाह्यजे, हे रुखमाचं हाय."

मीराला समजलं. डबा घरी आला त्या दिवशी ती अंगणात सूप घेऊन बसली आणि एक-एक दाणा करून डाळ वेगळी काढली. भरून आलेले डोळे पुसायची, पुन्हा निवडायची. मग वाटीत घेऊन रुखमाच्या दारात आली.

"रुखमाबाई, हे तुमचं."

आतून आवाज आला, "देवाले देल्लेलं मी वापस घेत नाही."

"मंग मी खाऊ?"

दार लागलं.

मीरा वाटी घेऊन परत गेली. डबा पाच महिने तिच्याकडे होता. पाचही महिने रुखमानं डाळ टाकली. पाचही महिने मीरानं ती निवडली, वाटी घेऊन आली, आणि दार लागलं. एका घरी उपास होता आणि चुलीवरच्या फडताळात डाळीचं गाठोडं वाढत होतं! मी मीराला म्हटलं, "बाई, शिजव अन् खा, कोन पाह्यते?" ती म्हणाली, "सखूबाई, ते माह्यं नाही."

दोघी सारख्याच अडेल. आमच्या संगतीला देवानं अशाच पुरवल्या!

*

मग रुखमाच्या घशात गाठ निघाली. यवतमाळच्या डॉक्टरांनी तपासलं आणि घरी न्या म्हणून सांगितलं. अन्न उतरेना, नुसतं पातळ जायचं, तेही घोट-घोट. खाऊ मी घालायची.

त्याच दिवसांत दुरून कोणी एक प्रचारक आला. माईक, मोठे स्पीकर, पांढरा सूट. आजारी लोकांवर हात ठेवायचा. कोणीतरी रुखमाला ऑटोत घालून नेलं. त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि माईकमध्ये ओरडला, "गाठ गेली! बोला, गेली!"

लोक ओरडले, "गेली!"

रुखमानं पाणी मागितलं. एक घोट तोंडात घेतला. तो नाकातून बाहेर आला, पार त्याच्या पांढऱ्या बाहीवर. मग बसलेल्या आवाजात ती म्हणाली, पण माईक जवळ होता, सगळ्या मंडपाला ऐकू गेलं:

"भाऊ, गाठ हाय इथंच. तुम्हाले उशीर होत असन तर जा."

येताना ऑटोत माझा हात धरून म्हणाली, "गाठीचं काही नाही सखू. दुसरी गाठ सुटत नाही, तिचं सांग."

*

शेवटचा सांगते.

पहिला रविवार होता. उपासना उरकून पास्टर तिच्या घरी आले. टिफिनमध्ये भाकरीचा तुकडा, लहान बाटलीत रस, रुमालात प्याला. खाटेजवळ बसले. रुखमाचं अंग खाटेत दिसत नव्हतं इतकं वाळलं होतं.

"रुखमाबाई, मनात कोणाविषयी काही आहे का अजून?"

तिनं मान हलवली. आहे.

पास्टर म्हणाले, "नुसतं 'नाही' म्हणा. प्रभू समजून घेईल."

रुखमानं ओठ मिटून घेतले. पास्टरनं प्याला पुन्हा रुमालात गुंडाळला आणि ते टिफिन घेऊन उठले.

तेवढ्यात पायरीवर मीरा दिसली. गाठ निघाल्यापासून ती रोज येऊन पायरीवर बसायची. आत कधी आली नाही, तिला आत ये कोणी म्हटलंही नाही. आज तिच्या हातात झाकलेली वाटी होती. ती मी घेतली. आत वरणासारखं पिवळं, पातळ, डाळ-तांदूळ घोटून-घोटून केलेलं.

मी चमचा भरला. रुखमानं रंग बघितला.

"डाळ कोनाची?"

"तुमचीच," पायरीवरून मीरा म्हणाली. "उन्हात घालून, कडूलिंबाचा पाला टाकून ठेवली होती. पाची महिन्याची हाय. एक दाना नाही खाल्ला आम्ही."

"उपास होते ना तुह्या घरी?"

"होते."

रुखमा छताच्या टिनाकडे बघत राहिली. मला वाटलं, आता म्हणेल, फेक.

"अन् तांदूळ?"

"संगतीचा. डब्यातला, मूठभर राखलेला."

"आता निवडता येत नाही मंग."

"नाही. एक झालं."

रुखमा मला म्हणाली, "सखू, तू सरक."

मी सरकले. मीरा उंबऱ्याच्या आत आली. खाटेच्या कडेला बसून तिनं चमचा पुढे केला. अर्धं गोधडीवर सांडलं. रुखमानं एक घोट गिळला. दुसरा गिळला. तिसरा बाहेर आला. मीरानं तो आपल्या पदरानं पुसला.

"आता तू खा," रुखमा म्हणाली.

"मी?"

"ह्याच वाटीतलं. ह्याच चमच्यानं."

मीरानं खाल्लं. पास्टर टिफिन हातात धरून उभेच होते, तिथून हलले नव्हते.

मंगळवारी सकाळी रुखमा गेली. प्रकाशच्या बाजूला जागा केली.

माती देऊन परतताना पास्टरनं मला बाजूला बोलावलं. त्यांच्या हातात मंडळीचं रजिस्टर होतं. कोण कधी गेलं, शेवटचं प्रभूभोजन कधी घेतलं, ते त्यात लिहावं लागतं.

"सखूबाई, शेवटचं प्रभूभोजन कधीचं लिहू?"

"मले काय विचारता? तुम्ही तं होते तिथं, त्या वाटीपाशी."

पास्टर पेन उघडून बांधावर बसले. मागे मीरा हातावरची माती झटकत होती. मग त्यांनी मांडीवर रजिस्टर टेकवलं आणि लिहिलं. दोनच शब्द होते, की तीन.

मला वाचता येत नाही.