खिळ्यावरचं पदक

"मेजर गेले वं पोरी... अन् सलामीले पदक पाह्यजे. खिळा रिकामा हाय. कोनाजवळ हाय ते?" काकू फोनवर एका दमात बोलल्या, आणि मलकापूरच्या शाळेत, ऐन स्टाफरूममध्ये, मी पर्स छातीशी धरली. पदक माझ्या पर्समध्ये होतं!

एकाहत्तरच्या लढाईतलं शौर्यपदक, आणि ते एका मास्तरणीच्या पर्समध्ये? परक्या माणसाला हे पटायचं नाही. पण माझ्या माहेरी, रोहिणखेडला, कुणालाही विचारा. आमच्या शेजारचे मेजरकाका निवृत्त होऊन काकूंसह गावी आले, तेव्हापासून ते पदक काचेच्या कपाटात कधी बसलंच नाही. त्यांच्या घरात बुद्धाच्या तसबिरीखाली एक खिळा होता, त्याला ते टांगलेलं असायचं, आणि ज्याला कशाची भीती वाटेल त्यानं ते खुशाल मागून न्यायचं. ऑपरेशनला निघालेली म्हातारी, पहिल्यांदा विमानात बसणारा जावई, दहावीच्या गणिताला निघालेली मी! अट एकच. परत आणताना खिळ्यासमोर उभं राहून खरं सांगायचं, भेव नेमका कुठं लागला.

गणिताच्या पेपराहून आल्यावर मी ऐटीत म्हणाले, "मले नाही लागला."

"मंग पेपर तू देल्लाच नसशीन," काका हसले, आणि त्यांनी मला पुलाची गोष्ट सांगितली. पुलापलीकडे तीन जवान जखमी होऊन पडले होते आणि वरून गोळीबार चालू होता. "दोघाईले पाठीवर आनलं. तिसऱ्या खेपेले पायच उठेना माहे. बांधाआड बसून रडलो वं मी. मंग रडत रडतच गेलो." सरकारी कागदात यातलं रडणं नव्हतं. मला मात्र काका खरे आवडले ते त्या दिवशी.

आता माझं ऐका. पन्नाशीला आल्यावर मी हौसेनं स्कूटी घेतली, लायसन्स काढलं, आणि गाडी अंगणात झाकून ठेवली! गल्लीच्या तोंडाशी ट्रक दिसला की हातापायाला घाम. काकांना हे कळलं तेव्हा त्यांनी खिळ्यावरचं पदक काढून माझ्या हातात ठेवलं. "मोताळ्याच्या रस्त्यानं एकटी ये, अन् इथं येऊन सांग." तीन आठवडे झाले, मी गेले नाही. एसटीनं जायचीही लाज वाटली... त्या भित्रेपणापायी काकांची शेवटची भेट हुकली. याची बोच अजून जात नाही.

सलामी चार वाजता होती, आणि त्याआधी पोचणारी एसटी नव्हती. मी धावत घरी गेले, गाडीवरचं कापड ओढलं आणि निघाले! कापसाचे ट्रक अंगावर आल्यासारखे येत होते, मी मोठमोठ्यानं रडत होते, "काका, थांबा हो" असं ओरडत होते, आणि गाडी मात्र पळत होती. मोताळ्याच्या अलीकडे एका ट्रकनं असा हॉर्न दिला की मी गाडी कडेला घेऊन खालीच बसले. पाय उठेनात. मग मला तो बांध आठवला. डोळे पुसायच्या भानगडीत न पडता मी पुन्हा किक मारली.

पोचले तेव्हा बुद्धवंदना संपत आली होती. मी पदक काकांपुढच्या उशीवर ठेवलं, बंदुका आकाशाकडे झाल्या, आणि मला इतका अभिमान वाटला की रडू कुठल्या कुठे पळालं.

माणसं पांगल्यावर काकूंनी पदक माझ्या हातात दिलं. मी ते खिळ्याला टांगलं. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या. "सांग आता. कुठं लागला भेव?"

"मोताळ्याच्या अलीकडं, काकू. खालीच बसले होते."

काकूंनी मान डोलावली. मग हात वर करून त्यांनी ते पदक काढलं आणि पदराच्या गाठीत बांधलं.

"काही दिस हे माह्याजवळ राहू दे वं," त्या म्हणाल्या. "घर लय मोठं वाटून राह्यलं."

परवा मी स्कूटीवरून गेले होते. खिळा अजून रिकामाच आहे.